घरगुती व्हीआर हेडसेट आणि त्याचे आरंभीचे ग्राहक

घरगुती व्हीआर हेडसेट म्हणजे डोक्याला बांधून डोळ्यांपुढे धरायचे आणि घरी वापरण्यासाठी विकले जाणारे दृश्ययंत्र होय. व्हीआर हे ‘व्हर्च्युअल रिॲलिटी’ या संज्ञेचे लघुरूप असून मराठीत त्यास आभासी वास्तव असे म्हणतात. हा संच घातला की भोवतालची खोली दिसेनाशी होते आणि मान जिकडे वळवावी तिकडचे कृत्रिम दृश्य दिसू लागते. प्रयोगशाळांत व वैमानिकांच्या प्रशिक्षणात हे तंत्र विसाव्या शतकातच वापरात आले होते. सामान्य ग्राहकाने पैसे मोजून ते घरी आणावे ही गोष्ट मात्र २०१२ नंतरच्या दशकात घडली. हा लेख प्रामुख्याने त्या पहिल्या ग्राहकांच्या अनुभवाविषयी आहे: त्यांना काय मिळाले, काय सोसावे लागले आणि विकत घेतलेली वस्तू कितपत त्यांची राहिली.

कार्यपद्धती

माणसाच्या दोन डोळ्यांत साधारण सहा ते साडेसहा सेंटिमीटर अंतर असते. त्यामुळे प्रत्येक डोळ्याला समोरची वस्तू किंचित वेगळ्या कोनातून दिसते आणि त्या फरकावरून मेंदू खोलीचा अंदाज बांधतो. हेडसेटमध्ये दोन डोळ्यांसाठी दोन वेगळी चित्रे दाखवली जातात. पडदा डोळ्यांपासून काही सेंटिमीटरवरच असल्याने मध्ये भिंगे बसवावी लागतात, नाहीतर इतक्या जवळचे काहीच स्पष्ट दिसणार नाही.

डोके कोणत्या दिशेला वळले हे जायरोस्कोप व प्रवेगमापक हे संवेदक सांगतात. स्वस्त संच एवढ्यावरच थांबतात. त्यांत मान वळवता येते, खालीवर पाहता येते, परंतु एक पाऊल पुढे टाकले तर दृश्य पुढे सरकत नाही. उत्तम संचांत बाहेरील संवेदक किंवा संचावरचेच कॅमेरे डोक्याचे स्थानही मोजतात. वाकून टेबलाखाली पाहिले की टेबलाखालचे दिसते. हा फरक कागदावर किरकोळ वाटला तरी प्रत्यक्षात दोन प्रकारांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. पहिल्यात आपण चित्र पाहतो, दुसऱ्यात त्या जागी उभे असतो. मान वळल्यापासून चित्र बदलेपर्यंत जाणारा वेळ सुमारे २० मिलिसेकंदांच्या आत असावा असे मानले जाते. त्याहून विलंब झाला तर दृश्य मानेमागून फरफटत आल्यासारखे वाटते आणि पोटात ढवळू लागते.

पूर्वपीठिका

दोन चित्रांतून खोलीचा भास निर्माण करण्याची कल्पना चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ साली मांडली. १८५१ च्या लंडन प्रदर्शनानंतर स्टिरिओस्कोप हे उपकरण युरोपातील घरांत शिरले. ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी १८६१ च्या सुमारास त्याचा हाती धरण्याजोगा स्वस्त नमुना तयार केल्यावर अमेरिकेतही त्याचा प्रसार झाला. दिवाणखान्यात बसून दूरदेशीची स्थळे पाहणे ही हौस त्यामुळे दीडशे वर्षांहून जुनी ठरते. आपल्याकडच्या जत्रांत भोकाला डोळा लावून आतली चित्रे पाहायची पेटी फिरत असे, तीही याच कुळातली म्हणता येईल.

डोक्यावर घालायचा, संगणकाने चित्र काढणारा पडदा इव्हान सदरलँड यांनी १९६८ मध्ये तयार केला. तो इतका जड होता की छताला टांगावा लागे. घरगुती बाजारातील पहिला मोठा प्रयत्न जपानच्या निन्टेन्डो कंपनीचा. १९९५ मध्ये आलेला तिचा ‘व्हर्च्युअल बॉय’ काळ्या पार्श्वभूमीवर केवळ लाल रंगात चित्र दाखवी, डोक्यावर न बसता टेबलावरच्या तिवईवर उभा राही आणि मानेच्या हालचालीची दखलही घेत नसे. डोके दुखते, मान अवघडते या तक्रारी लवकरच सुरू झाल्या. वर्षभरातच त्याची विक्री थांबली आणि त्यानंतर सुमारे पंधरा वर्षे या क्षेत्रात घरगुती ग्राहकाचा विचार कोणी फारसा केला नाही.

पहिले ग्राहक

ऑगस्ट २०१२ मध्ये पामर लकी या विशीच्या आतबाहेरच्या तरुणाने ‘ऑक्युलस रिफ्ट’ या संचासाठी किकस्टार्टर या संकेतस्थळावर लोकवर्गणीचे आवाहन केले. अपेक्षा अडीच लाख डॉलरची होती, जमले सुमारे २४ लाख. देणाऱ्यांची संख्या साडेनऊ हजार होती. ३०० डॉलर देणाऱ्यास विकासकांसाठीचा पहिला संच मिळणार होता आणि तो मार्च २०१३ पासून घरोघरी पोहोचू लागला.

हा संच सर्वसामान्यांसाठी नव्हेच, असे कंपनी स्वतःच सांगत होती. त्याची चित्रस्पष्टता प्रत्येक डोळ्यास ६४० बाय ८०० बिंदू इतकीच होती. भिंगांतून हे बिंदू मोठे दिसत आणि त्यांच्यामधल्या काळ्या रेषांमुळे सारे जग डास अडवणाऱ्या जाळीच्या खिडकीतून पाहिल्यासारखे वाटे. संगणकाला जोडणारी तार पायात येई. डोके पुढे सरकवल्याची संचाला जाणीव नसे. तरीही तस्कनीतील घराचे एक साधे नमुनादृश्य आणि रोलर कोस्टरचे दुसरे, एवढ्या सामग्रीवर ग्राहकांनी शेजारीपाजारी व नातेवाईक गोळा केले. पाहणारा खुर्चीचे हात घट्ट धरतो, उतार आला की मागे रेलतो आणि भोवतीचे हसतात, अशा ध्वनिचित्रफिती त्या काळात मोठ्या संख्येने प्रसिद्ध झाल्या.

ग्राहकांसाठीची पक्की आवृत्ती २०१६ मध्ये आली. मार्चमध्ये ऑक्युलस रिफ्ट ५९९ डॉलरला, एप्रिलमध्ये एचटीसी व्हाइव्ह ७९९ डॉलरला आणि ऑक्टोबरमध्ये सोनीचा प्लेस्टेशन व्हीआर ३९९ डॉलरला. या किमती फसव्या होत्या. पहिल्या दोहोंसाठी शक्तिशाली चित्रपत्र बसवलेला संगणक लागे, आणि ज्याच्याकडे तो नव्हता त्याचा एकूण खर्च दुपटीच्या पुढे जाई. सुट्या भागांच्या टंचाईमुळे रिफ्टची आगाऊ नोंदणी केलेल्यांना आठवडेच्या आठवडे वाट पाहावी लागली. मे २०१९ मध्ये आलेल्या ऑक्युलस क्वेस्टने संगणक व तार दोन्ही काढून टाकले. ऑक्टोबर २०२० मधील क्वेस्ट २ ची किंमत २९९ डॉलर होती आणि हौशींच्या पलीकडच्या ग्राहकांपर्यंत पोहोचलेला पहिला संच म्हणून त्याचेच नाव घ्यावे लागते.

वापराचा अनुभव

आरंभीच्या ग्राहकांच्या वर्णनांत एक शब्द वारंवार येतो: उपस्थिती. आपण खोलीत आहोत हे ठाऊक असूनही समोर कडा दिसला की पाय मागे येतो. नसलेल्या टेबलावर हात टेकवू जाऊन तोल गेल्याची उदाहरणे याच प्रकारची आहेत. बुद्धीला कळते, पण शरीराला पटत नाही. हा भास ज्याने एकदा घेतला त्यास दूरचित्रवाणीशी तुलना करणे अवघड जाते आणि ज्याने घेतला नाही त्यास तो शब्दांत सांगणेही तितकेच अवघड. या उपकरणाचा प्रसार जाहिरातींपेक्षा एकाने दुसऱ्याच्या डोक्यावर चढवून झाला, त्याचे कारण हेच असावे.

दुसरा सार्वत्रिक अनुभव मळमळीचा. डोळे सांगतात की आपण धावत आहोत, कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय सांगते की आपण स्थिर आहोत. घाटातून जाणाऱ्या एसटीत पुस्तक वाचणाऱ्यास जे होते त्याच्या उलट दिशेने हे घडते, परिणाम मात्र सारखाच. सवयीने हे सहन होईल अशा समजुतीने नेट लावून खेळत राहिलेल्यांना उलट जास्त त्रास झाला. कित्येकांना पुढे हेडसेटच्या नुसत्या आठवणीने अस्वस्थ वाटे. पहिली चाहूल लागताच संच उतरवावा, दिवसाला दहापंधरा मिनिटांपासून आरंभ करावा हा धडा ग्राहकांनी एकमेकांना शिकवला. खेळ तयार करणाऱ्यांनीही चालण्याऐवजी एका जागेवरून दुसऱ्या जागी एकदम उडी घेण्याची, वळताना ठरावीक अंशांनी वळण्याची आणि हालचाल चालू असताना दृश्याच्या कडा अंधाऱ्या करण्याची सोय केली. खेळाडू जागेवर उभा राहतो आणि वस्तू त्याच्याकडे येतात, अशी रचना असलेला ‘बीट सेबर’ हा २०१८ चा खेळ अतिशय लोकप्रिय झाला, त्यात संगीताचा वाटा होताच, परंतु त्याने फारशी मळमळ होत नाही हेही कारण होते.

डोळ्यांचा ताण ही निराळी बाब आहे. प्रत्यक्ष जगात जवळची वस्तू पाहताना दोन्ही डोळे आत वळतात आणि भिंगही त्याच अंतरावर नेम धरते. हेडसेटमध्ये डोळे वस्तूच्या भासमान अंतरानुसार वळतात, नेम मात्र एकाच ठरावीक अंतरावर राहतो. हातात धरून वाचण्याजोगी जवळची वस्तू त्यामुळे थकवा आणते. भिंगांमधील अंतर डोळ्यांशी जुळले नाही तर भर पडते, आणि काही संचांत हे अंतर बदलण्याची सोयच नव्हती. चष्मा लावणाऱ्यांची अडचण याहून साधी आहे. चष्म्याची काच संचाच्या भिंगावर घासून दोहोंवर ओरखडे उठतात.

जागेचा प्रश्न बहुतेकांना खरेदीनंतर उमगला. व्हाइव्हमध्ये फिरून वापरण्यासाठी किमान २ बाय दीड मीटर मोकळी जमीन हवी होती. मराठी घरातील मधली खोली पाहिली तर दिवाण, कपाट आणि शिलाई यंत्र वजा जाता एवढी जागा उरतेच असे नाही. कपाटाचा आरसा हाही शत्रू, कारण बाहेरील संवेदकांचे किरण त्यावरून परावर्तित होऊन स्थानाची मोजणी बिघडते. हात उंचावून खेळताना छताचा पंखा बंद असणे आवश्यक आहे. संच उन्हात ठेवू नये ही सूचनाही केवळ उष्णतेसाठी नसते. ही भिंगे बहिर्वक्र असल्याने खिडकीतून आलेले ऊन क्षणभर जरी त्यांत शिरले तरी ते पडद्यावर एकवटते आणि तेथे कायमचा डाग पडतो. अनेकांचे संच अशा रीतीने निकामी झाले.

घाम आणि सामायिक वापर हा प्रश्न कंपन्यांनी कमी लेखला. चेहऱ्याला टेकणारा स्पंज घरातल्या प्रत्येकाच्या घामाने भिजतो. जुलै २०२१ मध्ये क्वेस्ट २ च्या स्पंजामुळे त्वचेला खाज व पुरळ येत असल्याच्या तक्रारींवरून एकट्या अमेरिकेत सुमारे ४० लाख स्पंज परत मागवण्याची कारवाई झाली आणि ग्राहकांना सिलिकॉनचे आवरण मोफत देण्यात आले.

आणि एकटेपणा. कल्याणच्या महादेव पटवर्धन यांनी १८९० च्या दशकात रंगीत काचचित्रे पडद्यावर टाकून ‘शांभरिक खरोलिका’चे खेळ केले, तेव्हा सारा प्रेक्षकवर्ग एकच चित्र एकत्र पाहत होता. हेडसेटमध्ये पाहणारा एकच असतो. बाकीचे त्याच्या हातवाऱ्यांकडे पाहत आपल्या पाळीची वाट पाहतात. एकाच छपराखाली चारपाच माणसे राहणाऱ्या घरात ही मर्यादा विशेष जाणवते. पहिले पंधरा दिवस पाळी लागते, मग संच पेटीत जातो, असा क्रम सर्वत्र आढळून आला. जे टिकले त्यांनी बहुधा एखादा नियमित उपयोग शोधला होता: व्यायाम, वैमानिकी किंवा मोटारशर्यतीचे अनुकरण, परदेशातील मित्रांसोबत खेळ.

भारतातील प्रसार

भारतात हे तंत्र पुठ्ठ्यातून आले. गूगलने जून २०१४ मध्ये सादर केलेल्या ‘कार्डबोर्ड’मध्ये पुठ्ठ्याची घडी, दोन भिंगे आणि ग्राहकाचा स्वतःचा स्मार्टफोन एवढेच साहित्य होते. २०१५ मध्ये वनप्लस कंपनीने आपल्या नव्या फोनच्या अनावरणासाठी असा संच भारतात ९९ रुपयांना विकला. जानेवारी २०१६ मध्ये लेनोवोने ११,९९९ रुपयांच्या के४ नोट या फोनसोबत आणखी ५०० रुपयांत प्लॅस्टिकचा हेडसेट दिला. त्याच महिन्यात सॅमसंगचा गिअर व्हीआर ८,२०० रुपयांना आला, परंतु तो कंपनीच्या महागड्या फोनांनाच बसत असे. एचटीसी व्हाइव्ह २०१७ मध्ये ९२,९९० रुपयांना उपलब्ध झाला. त्या किमतीत संगणक धरलेला नव्हता.

चारपाचशे रुपयांचे ‘व्हीआर बॉक्स’ तालुक्याच्या गावातील मोबाइलच्या दुकानांतही दिसू लागले. अनेकांची निराशा येथेच झाली आणि तिचे कारण दुकानदारासही सांगता येत नसे. त्या काळातील पुष्कळ स्वस्त फोनांत जायरोस्कोप नव्हता. फोन आत बसे, दोन चित्रे दिसत, पण मान वळवली तरी दृश्य जागचे हलत नसे. ज्यांच्या फोनांत हा संवेदक होता त्यांना दुसरी अडचण आली. सर्व दिशांच्या ध्वनिचित्रफितींना साध्या चित्रफितींच्या कित्येक पट माहिती लागते, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू होण्यापूर्वी मोबाइलवर एवढी माहिती उतरवून घेणे खर्चिक होते. उन्हाळ्यात सोलापूर जिल्ह्यात पारा चाळिशी ओलांडतो. त्या दिवसांत बंद पेटीतला फोन थोड्याच वेळात तापून मंदावे. शेवटी बऱ्याच घरांत या डब्याचा उपयोग एकट्याने चित्रपट पाहण्याचे थिएटर एवढाच उरला. पुढे २०२३ च्या आयपीएल हंगामात जिओने १,२९९ रुपयांचा ‘जिओडाइव्ह’ याच जातीचा संच सामने सर्व बाजूंनी पाहण्यासाठी विक्रीस आणला.

क्वेस्ट मालिकेतील पहिल्या दोन संचांची भारतात अधिकृत विक्री झाली नाही. ते येथे आले ते आयातदारांमार्फत चढ्या भावाने किंवा परदेशी राहणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेतून. नियंत्रक बिघडला, भिंगाला ओरखडा गेला तर हमीचा उपयोग होत नसे आणि परदेशी धाडण्याचा खर्च परवडत नसे.

वेळापूर आणि पालखीचे चित्रण

या माध्यमास कोणता विषय साजेसा, याचे उत्तर शोधण्यासाठी माळशिरस तालुक्यातील वेळापूरचे उदाहरण उपयोगी पडते. अर्धनारीनटेश्वराच्या प्राचीन मंदिरासाठी प्रसिद्ध असलेले हे गाव संत ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचे मुक्कामाचे ठिकाण आहे. माळशिरसहून येताना वाटेत खुडूस फाट्याजवळ गोल रिंगण होते. मधोमध पालखी, भोवती पताकाधारी, विणेकरी, तुळशीवाल्या स्त्रिया आणि त्यांच्या कड्याबाहेर वारकऱ्यांची गर्दी. या दोहोंमधल्या मोकळ्या वर्तुळातून अश्व धावतात.

सपाट पडद्यावर रिंगण पाहताना अश्व चित्रचौकटीतून येतो आणि जातो. कॅमेरा त्याच्यामागे वळला तर गर्दीची मुद्रा हरवते, स्थिर राहिला तर अश्व हरवतो. सर्व दिशांचे चित्रण करणारा कॅमेरा वर्तुळाच्या आत, माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर ठेवला तर हेडसेट घातलेला मनुष्य अश्वामागे स्वतःची मान फिरवतो. मध्येच थांबून मृदंग वाजवणाऱ्याकडे पाहायचे की नाही हे तोच ठरवतो. वारी हा चालण्याचा सोहळा असला तरी चालत्या माणसाच्या हातातला असा कॅमेरा मात्र टाळावा लागतो, कारण चित्र पावलागणिक हिंदकळते आणि पाहणाऱ्यास लगेच मळमळते. दिंडी स्थिर कॅमेऱ्यावरून पुढे जाऊ द्यावी, हे बरे.

२०२० आणि २०२१ मध्ये करोनाच्या साथीमुळे पायी वारी झाली नाही व पादुका एसटीने पंढरपुरास नेण्यात आल्या. वयोमानाने किंवा आजारपणाने चालणे थांबलेल्या वारकऱ्यांसाठी तर दरवर्षीच ही स्थिती असते. अशा व्यक्तीस खुर्चीवर बसवून, मानेवर अर्धा किलोचे वजन किती वेळ पेलेल याचा विचार करून, थोडा वेळ असे चित्रण दाखवता येते. रिंगण संपताच लोक अश्वाच्या टापांखालची माती कपाळी लावण्यास धावतात. तेथे मात्र हेडसेटचा काही उपयोग नाही.

मालकी आणि नियंत्रण

आरंभीच्या ग्राहकांचा सर्वांत कटू अनुभव यंत्राविषयीचा नसून मालकीविषयीचा आहे. २५ मार्च २०१४ रोजी फेसबुकने ऑक्युलस कंपनी सुमारे २०० कोटी डॉलरला घेत असल्याचे जाहीर केले. किकस्टार्टरवर पैसे देणारे भागधारक नव्हते, त्यामुळे या व्यवहारातील एक पैसाही त्यांच्या वाट्याला आला नाही. ‘माइनक्राफ्ट’चे निर्माते मार्कुस पेर्सोन यांनी ऑक्युलससाठी तो खेळ आणण्याची बोलणी त्याच दिवशी मोडली. संच वापरण्यास फेसबुकवर खाते लागणार नाही, असे आश्वासन लकी यांनी तेव्हा जाहीरपणे दिले. २०१६ मध्ये मूळ वर्गणीदारांना नव्या रिफ्टचा एक संच मोफत देण्यात आला आणि राग बराच निवळला. लकी २०१७ मध्ये कंपनीतून बाहेर पडले.

घरात असलेली वस्तू दुरून बंद पडू शकते हे ७ मार्च २०१८ रोजी दिसले. रिफ्टच्या आज्ञावलीवरील एका डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली होती. तिचे नूतनीकरण करण्याचे कंपनीकडून राहून गेल्याने जगभरातील रिफ्ट एकाच दिवशी थांबले. दुरुस्तीस सुमारे एक दिवस लागला आणि भरपाई म्हणून ग्राहकांच्या खात्यात १५ डॉलर जमा करण्यात आले.

२०१४ चे आश्वासन ऑगस्ट २०२० मध्ये मोडले. ऑक्टोबरपासून प्रत्येक नव्या ग्राहकास फेसबुक खाते सक्तीचे झाले. ज्यांचे खाते काही कारणाने निलंबित झाले त्यांचा संच आणि त्यावर विकत घेतलेले खेळ दोन्ही अडकून पडले. जर्मनीत या अटीवर नियामकांनी हरकत घेतली आणि कंपनीने तेथील विक्री थांबवली. ऑगस्ट २०२२ मध्ये फेसबुकपासून वेगळे ‘मेटा खाते’ सुरू करून ही सक्ती मागे घेण्यात आली.

इतर कंपन्यांच्या ग्राहकांचे भाग्य याहून बरे नव्हते. गूगलने ‘डेड्रीम’ ही प्रणाली २०१९ मध्ये सोडली. सॅमसंगने त्याच वर्षीच्या नोट १० मालिकेस गिअर व्हीआरची जोड दिली नाही आणि सप्टेंबर २०२० मध्ये संबंधित सेवा बंद केल्या. फोन बदलला की आठ हजारांचा संच निरुपयोगी, हे भारतीय ग्राहकांनीही अनुभवले. मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीतून मिक्स्ड रिॲलिटीचा आधारच काढून टाकला. त्यावर अवलंबून असलेले अनेक कंपन्यांचे सुस्थितीतील हेडसेट ती आवृत्ती घेताच चालेनासे झाले. पहिल्या क्वेस्टची सुरक्षाविषयक अद्यतने त्याच वर्षी थांबली.

याला एक अपवाद नोंदवण्याजोगा आहे. ऑक्युलस गो या छोट्या संचाची विक्री २०२० मध्ये बंद झाल्यानंतर जॉन कार्मॅक यांच्या पाठपुराव्यामुळे ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याची कार्यप्रणाली कुलूप काढून ग्राहकांच्या हवाली करण्यात आली. त्या संचात कंपनीच्या परवानगीवाचून हवी ती आज्ञावली घालता येते.